खुंटाची बोरं

अंबडच्या बाजारात बोरं दिसायला लागली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच वेळी दातावर दात बसतात. दोन्ही एकदम कसं होतं हे मला सांगता येणार नाही, पण होतं एवढं खरं. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेलेला असतो. खेड्यांतून येणाऱ्या जीपगाड्यांच्या टपावर कापसाची गाठोडी दिसत असतात. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालताना जरा विचार करावा लागतो. अशा एखाद्या दिवशी बसस्टँडच्या वळणावर कुणीतरी बाई गोणपाट अंथरून बोरांचा ढीग लावून बसलेली दिसते. आधी येतात ती मोठी, हिरवी, चकचकीत; चावली की नुसता कुरकुर आवाज आणि तोंडभर पाणी. खरी बोरं मागून येतात. लहान, गोल, अर्धी पिवळी, अर्धी तांबडी, काही सुरकुतलेली. त्यांचा वास आधी येतो आणि मग ती दिसतात. जाणारे-येणारे थांबतात, एखादं उचलून तोंडात टाकतात, भाव विचारतात. मी थांबत नाही. माझ्या घरी झाड आहे, आणि त्या झाडाशी माझं जे नातं आहे ते बाजारातल्या बोरांशी जमणार नाही.

मी इथल्या कोर्टाबाहेर टायपिस्ट होतो. लिंबाखाली टेबल, टेबलावर मशीन, समोर एक बाकडं. हयातभर दुसऱ्यांची भांडणं टाइप केली. कुणी बांध कोरला, कुणी पाणी अडवलं, कुणी सख्ख्या भावाची वाट बंद केली. माणूस बाकड्यावर बसून थरथरत बोलायचा, मधेच त्याचा आवाज चिरकायचा, आणि मी त्याचा सगळा संताप ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’मध्ये नीट बसवून द्यायचो. कागद मशीनमधून ओढून काढला की तो राग माझ्यापुरता संपायचा. घरी जाताना मी भाजी घ्यायचो. इतकी वर्षं दुसऱ्यांचे राग हाताखालून गेले, त्यामुळे माझ्यात स्वतःचा काही उरलाच नसेल असं मला वाटायचं. माझी बायको सुलभासुद्धा म्हणायची, “तुम्हाला राग येतच न्हाई. मीठ विसरलं तरी कळत न्हाई तुम्हाला.”

सुलभा जाफराबादकडची. आम्ही गावाच्या कडेला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या तेव्हा तिनं आधी परसबाग आखली आणि मग स्वयंपाकघराची खिडकी कुठे काढायची ते गवंड्याला सांगितलं. कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, अबोलीची एक रांग, आणि भिंतीजवळ बोर. तिच्या माहेरच्या शेजारी रशीदभाई होते. ते रोपवाटिका चालवत आणि कलमं बांधत. त्यांनी तिला बोराचं कलम दिलं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते रोप ती एसटीत मांडीवर घेऊन आली. सगळ्या प्रवासात तिनं मला ते धरू दिलं नाही. म्हणाली, “तुम्ही खिडकीतून बाहेर बघता. ह्याची मान मोडेल.”

त्या झाडाची बोरं लांबट, गुळगुळीत असायची. पिकली की सालीवर मधाचा रंग चढायचा. संक्रांतीच्या सुगडात दुसऱ्या कुणाची बोरं तिनं कधी घातली नाहीत. थंडीतल्या दुपारी ती भिंतीच्या अलीकडे उभी राहायची आणि शेजारच्या वहिनी पलीकडे. दोघींच्या अंगावर ऊन, भिंतीवर मिठाची चिमूट, आणि झाडावरून तोडलेली बोरं. बोलणं कमी आणि बिया थुंकण्याचे आवाज जास्त. मी आत पडून ते ऐकायचो. कुठलीही दुपार आठवायला सांगितली तर मला तीच आठवते.

वहिनींचे यजमान वकील. गावात सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. मीही म्हणायचो, कारण त्यांचे कागद माझ्याच मशीनवर टाइप व्हायचे. ते मला नावानं हाक मारत नसत. “टायपिस्ट” म्हणत, कोर्टातही आणि गल्लीतही. एका वर्षी त्यांनी घराला नवा पोर्च काढला, पांढरीशुभ्र फरशी बसवली आणि तिच्यावर पांढरी गाडी आणून लावली. आमच्या बोराची एक बाजू भिंतीवरून त्या फरशीवर झुकलेली होती.

एका सकाळी ते भिंतीशी आले. “टायपिस्ट, हे झाड काढून टाका. फरशी रोज नासून राह्यली. पोपटं अर्धी खातेत, अर्धी खाली टाकतेत.”

मी काही बोलायच्या आत सुलभा खिडकीतून म्हणाली, “तुमच्या हद्दीत येतात तेवढ्या फांद्या छाटून घ्या, वकीलसाहेब. आमची हरकत न्हाई. पण झाडाला हात लावू नका.”

ते हसले. “वहिनी, झाडच ते. दुसरं लावता येतं.”

“मंग तुम्ही लावा दुसरं,” ती म्हणाली आणि कढईकडे वळली.

पुढच्या हिवाळ्यात तिला गाठ निघाली. ते सगळं मी इथे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरात झालेलं नाही त्यांना कळू नये. संभाजीनगरच्या दवाखान्यात आमचा जवळजवळ सगळा उन्हाळा गेला. औषधानं तिच्या तोंडाची चव गेली. “तोंडात खिळे ठेवल्यासारखं लागतं,” म्हणायची. पेज नको, फळं नको, नारळपाणी नको. एका दुपारी पंख्याकडे बघत म्हणाली, “थंडी पडली की बोरं येतील. आंबटगोड तोंडात घातलं की जाईल ही चव. तेवढी थंडी बघू द्या मला.” डॉक्टरला नाही, देवाला नाही, मलाच सांगत होती, जणू थंडी मीच आणून देणार होतो. मी म्हणालो, “बघशील की.”

मधे घरी जायची परवानगी मिळाली. भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर उशा लावून तिला आणलं. घराला कुलूप असल्यानं आत कोंदट वास येत होता. तिला स्वयंपाकघरातच खाट हवी होती. खाटेवर टेकली आणि म्हणाली, “खिडकी उघडा.”

मी खिडकी उघडली आणि तिच्या पाठीमागची उशी नीट करायला वळलो. मागून तिचा आवाज आला.

“उजेड लई आला की ओ.”

तोवर मी बाहेर पाहिलं नव्हतं. मग पाहिलं. उन्हाळ्याचं पांढरं आभाळ थेट भांड्यांच्या मांडणीपर्यंत आत आलं होतं. भिंत दिसत होती, भिंतीपलीकडचा पोर्च दिसत होता, पोर्चमधली गाडी दिसत होती. झाड नव्हतं. जमिनीलगत कापलेला खुंट होता, तांबूस, अजून ओलसर, त्याच्याभोवती करवतीचा भुसा आणि मुंग्या.

उजेड लई आला, एवढंच. आजही कुणी एखाद्या घराचं कौतुक करताना उजेड छान येतो म्हटलं की मी तिथून उठतो.

मी तसाच शेजारी गेलो. वकीलसाहेब पोर्चमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला पाहून पेपर खाली घेतला नाही, फक्त थोडा बाजूला केला.

“रोगट झालं होतं ते,” म्हणाले. “वाळवी लागल्ती. तुम्ही दवाखान्यात, विचारायचं कुणाला? माझी माणसं कामाला आल्ती, त्यांच्याकडून काढून घेतलं. तुमचा तरास वाचला.”

“वाळवी नव्हती,” मी म्हणालो. “आमच्या जागेतलं झाड होतं.”

तेव्हा त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, “टायपिस्ट, घरात एवढं आजारपण, आणि तुम्हाला झाड दिसून राह्यलं?”

ते वाक्य मी विसरलो नाही. मशीनवर टाइप केलेली हजारो वाक्यं विसरलो, हे नाही. त्यात त्यांनी मलाच आरोपी करून टाकलं होतं. बायको मरणाच्या दारात आणि हा झाडाचा हिशोब मागतो, असा माणूस मी. परत आलो तर सुलभा म्हणाली, “भांडू नका. मला ऐकायची ताकद न्हाई.” थोड्या वेळानं म्हणाली, “खुंटाला पाणी घालत जा.” मी घालत गेलो. तिला आंघोळ घातलेलं पाणी बादलीनं नेऊन खुंटावर ओतायचो. पाणी मातीत मुरेपर्यंत उभा राहायचो आणि पलीकडच्या पांढऱ्या फरशीकडे बघत राहायचो.

श्रावणात ती गेली. थंडीला अजून बराच अवकाश होता. ती थंडीपर्यंत राहिली असती की नाही हे मला ठाऊक नाही. डॉक्टरला विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. पण तिच्यापाशी जगायचं एक कारण होतं, आणि ते एका माणसानं फरशी घाण होते म्हणून जमिनीलगत कापून टाकलं. तोच माणूस तिसऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून आला, लोकांसमोर उभा राहिला आणि “फार मायाळू बाई” म्हणाला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं दुःखानं. मी त्याच्या चपलांकडे बघत होतो.

त्यानंतर मला राग म्हणजे काय ते कळलं. तो भडकत नव्हता. तो सकाळी माझ्याबरोबर उठायचा, माझ्याबरोबर चहा प्यायचा. दिवसभर मशीनवर बोटं चालायची आणि डोक्यात दुसरंच चालू असायचं. कोर्टात जावं, असं आधी वाटलं. पण कोर्ट मी फार जवळून पाहिलं होतं. एका झाडासाठी वकिलाविरुद्ध उभा राहिलेला टायपिस्ट किती तारखांपर्यंत टिकतो हे मला पाठ होतं. शिवाय मला भरपाई नको होती. त्या माणसाची ती पांढरी, धुतलेली, सुखाची सकाळ नासायला हवी होती. रोज. आमच्या खिडकीतून रोज नागडं आभाळ आत येतं, तसंच रोज.

आणि काय करावं ते सुचत नसतानाच, पाऊस उघडता उघडता खुंटाला फुटवे आले.

पहिल्यांदा मला वाटलं, पाखरांनी दुसऱ्याच कशाची तरी बी टाकली असणार. पानं आमच्या बोरासारखी नव्हती. लहान, गोलसर, वरून गर्द हिरवी. सुलभाच्या झाडाला काटे नावापुरते असायचे. याच्या प्रत्येक पानाशी दोन-दोन. रानटी काहीतरी आलंय, खुंटाचं अन्न खातंय, असं वाटून मी ते उपटायला वाकलो. काटा मनगटात शिरला आणि सुटेना. सोडवायला म्हणून नीट पाहिलं, तर दोन काट्यांमधला एक सरळ होता आणि एक आकड्यासारखा मागे वळलेला. सरळ काटा टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. मी पान उलटं केलं. खालून पांढरट, बोट फिरवलं की लव लागते. देठापासून निघालेल्या तीन शिरा. वडीगोद्रीच्या बाजूला आमचं शेत होतं. तिथल्या बांधावर लहानपणी असल्याच काट्यांनी माझा सदरा फाडला होता आणि त्या सदऱ्यासाठी आईचा मार खाल्ला होता. हात ओळखत होते, डोळ्यांना वेळ लागला.

तरी खात्री नव्हती. दोन-तीन पावसाळ्यांत ते वेडंवाकडं वाढलं, भिंतीच्या वर गेलं, आणि एका थंडीत त्याला फळं आली. करवंदाएवढी, गोल, आधी हिरवी, मग पिवळी, मग विटकरी. माझी मुलगी मनीषा तेव्हा पुण्याहून आली होती. तिनं फळाचा फोटो काढून फोनला विचारलं. फोननं दोन-तीन नावं सांगितली. त्यातलं एक खायचं होतं आणि एक विषारी.

“बाबा, तोंडात घालू नका,” ती म्हणाली. “काय आहे ते माहीत नाही आपल्याला.”

मी एक पिकलेलं तोडलं, नखानं चिरलं. आत पिवळट, कोरडा, पातळ गर आणि मधे फळाच्या मानानं मोठी, खडबडीत, कठीण बी. वास घेतला. बोराचा वास दुसऱ्या कशालाच येत नाही. थोडा गुळाचा, थोडा आंबलेला, थोडा उन्हात तापलेल्या मातीचा. जिभेचं टोक लावलं. मग अख्खं तोंडात टाकलं. आधी आंबट लागलं, इतकं की डावा डोळा मिटला. मग तुरट, जीभ ओढून धरणारं. आणि बीपर्यंत पोचल्यावर, अगदी शेवटी, थोडंसं गोड. मनीषा माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बोर आहे,” मी म्हणालो. “आपलं नाही. पण बोर आहे.”

जाफराबादला रशीदभाईंना फोन लावला. ते मला अजूनही गावचा जावई समजतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जावईबापू, करवत कलमाच्या खाली बसली. माझं कलम मेलं. खाली जो खुंट व्हता तो गावरान बोराचा. बी लावून मीच वाढवल्ता, त्याच्यावर मंग चांगल्या बोराचा डोळा भरला. वरचं मेलं की खालचं उठतं. बिलकुल जंगली हाय ते. उपटून टाका, मी दुसरं कलम देतो.”

“काटे लई येतेत का ह्याला?”

“बेहिसाब.”

“आन छाटलं तर?”

“छाटलं तर अजून चवताळतं,” ते म्हणाले. “दुप्पट फुटतं.”

“मंग राहू द्या,” मी म्हणालो. “दुसरं नको.”

फोन ठेवला आणि झाडाखाली उभा राहून आणखी बोरं खाल्ली. एकेक बोर दाढेखाली धरून, सावकाश, बी वाजेपर्यंत. सुलभा गेल्यापासून मला कशाची चव नीट लागत नव्हती. ही लागली.

तेव्हापासून मी त्या झाडाची निगा राखतो. उन्हाळ्यात पानं गळाली की माझ्या बाजूच्या फांद्या कमी करतो आणि भिंतीकडच्या तशाच ठेवतो. झाडाला उजेड हवा असतो आणि तो पलीकडे भरपूर आहे. तो त्यांनीच करून ठेवलाय. बघता बघता अर्धंअधिक झाड पोर्चवर गेलं. श्रावण-भादव्यात त्याला बारीक हिरवट फुलं येतात. दिसायला काहीच नाहीत, पण त्यांचा वास कुबट, गोडसर, नाकात बसणारा. त्या वासावर माश्या येतात, गांधीलमाश्या येतात. वकीलसाहेबांचे पक्षकार पोर्चमध्ये बसतात ते हातानं वारत बसतात आणि लवकर उठून जातात. मग थंडीत बोरं. पोपटांची टोळी उजाडताच उतरते. एक चोच मारायची आणि टाकायचं, दुसरं घ्यायचं. गाडीच्या टपावर बोरं पडल्याचा टपटप आवाज मी अंथरुणात पडून ऐकतो. तो आवाज मला फार आवडतो, हे मी लपवणार नाही.

एकदा त्यांनी माणूस लावून पलीकडच्या फांद्या तोडल्या. तो त्यांचा हक्कच होता, मी काही बोललो नाही. मजुराचे दोन्ही हात ओरबाडून निघाले, अर्धं काम टाकून तो निघून गेला आणि पुन्हा आला नाही. पुढच्या पावसात त्या छाटलेल्या जागांवरून झाड खरंच चवताळलं.

तेव्हा ते भिंतीशी आले. “टायपिस्ट, हे काय लावून ठेवलं तुम्ही?”

“मी न्हाई लावलं, वकीलसाहेब,” मी म्हणालो. “हे तुम्हीच लावलं.”

त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. कलम कुठे असतं, खुंट कुठे असतो, करवत कुठे बसली. अगदी शांतपणे, त्यांनी मला समजावलं होतं त्याच सुरात. ते ऐकत राहिले आणि आत गेले. त्या दिवशी मी दुपारी छान झोपलो.

पण एका गोष्टीकडे माझं लक्ष नव्हतं, किंवा मी लक्ष देत नव्हतो. ती फरशी वकीलसाहेब झाडत नव्हते. वहिनी झाडत होत्या. धुण्याभांड्याला बाई येत होती, पण काटे लागायला लागल्यावर तिनं पोर्च झाडणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. एका सकाळी मी भिंतीवरून पाहिलं. वहिनी पायरीवर बसून सुईनं टाचेतला काटा काढत होत्या. बाजूला खराटा आणि बोरांचा ओला ढीग. केस बरेच पांढरे झाले होते. सुलभा गेल्यापासून त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या नव्हत्या.

मला ते बघवेना. राग ज्याच्यासाठी पोसला तो आत चहा पीत होता आणि काटा हिच्या टाचेत होता. मी म्हणालो, “वहिनी, मी उद्या छाटून घेतो झाड.”

त्यांनी मान वर केली नाही. “कशाला, भाऊजी?”

“तुम्हाला तरास होऊन राह्यला.”

काटा निघाला. तो त्यांनी बोटावर घेऊन पाहिला आणि मातीत टाकला. मग उठून भिंतीजवळ आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “मजूर आल्ते तवा मी दारात उभी राहिल्ते. म्हटलं, ती बाई दवाखान्यातून येईल, तिला काय तोंड दाखवू मी? हे म्हणले, आत जा. मी गेले आत. करवतीचा आवाज येत होता आन मी आत बसून तांदूळ निवडत होते.” त्यांनी झाडाकडे पाहिलं. “सुलभाताईला भेटायला आले न्हाई मी शेवटी. हिंमत झाली न्हाई. तुम्ही झाडाला हात लावू नका.”

“आन फरशी?”

“ती आता मी झाडणार न्हाई,” त्या म्हणाल्या. भिंतीवर आलेल्या फांदीचं एक बोर त्यांनी जपून, काटा चुकवून तोडलं, पदराला पुसलं आणि तिथेच उभ्या राहून खाल्लं. चेहरा आंबटानं गोळा झाला. बी आमच्या बाजूला थुंकली आणि आत गेल्या.

त्यानंतर पोर्च तसाच राहिला. बोरं पडत गेली, गाडीच्या चाकाखाली चिरडत गेली, पांढऱ्या फरशीवर विटकरी डाग चिकटून वाळत गेले, मुंग्यांच्या ओळी लागल्या. आतून वकीलसाहेबांचा आवाज यायचा. वहिनींचा एकच ठरलेला जबाब असायचा, तोही शांत. “माझी कंबर धरली. मला वाकता येत न्हाई.” त्याच बाई संध्याकाळी तुळशीपुढे वाकून दिवा लावताना मला दिसायच्या.

आणि मग संक्रांत झाल्यावरच्या एका सकाळी, ऊन नुकतंच भिंतीवर आलं असताना, मी परसात खुर्ची टाकून बसलो होतो. मांडीवरच्या पंच्यात झाडाखालची वेचलेली बोरं होती. पलीकडून खराट्याचा आवाज आला. वहिनींचा हात मला आवाजावरून ओळखू यायचा. हा तो नव्हता. हा अडखळत, कुठेही चालणारा. मी उठून पाहिलं. वकीलसाहेब झाडत होते. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, एक हात कमरेवर. उभ्या आयुष्यात खराटा धरला नसावा. बोरं पुढे जायच्याऐवजी बाजूला घरंगळत होती. दारात वहिनी उभ्या होत्या.

मी बघत राहिलो. एवढ्या वर्षांत इतकं सुंदर दृश्य मी पाहिलं नव्हतं.

झाडता झाडता ते थांबले. वाकून त्यांनी एक बोर उचललं. चांगलं पिकलेलं असावं. बोटात फिरवून पाहिलं, फुंकर मारली, शर्टाला पुसलं आणि तोंडात टाकलं. आणि त्यांचा चेहरा बदलला. आंबट लागलं तसे डोळे मिटले, आणि मग ते हळूहळू चघळायला लागले. त्यांना ते आवडलं होतं. लहानपणीचं काही आठवलं असेल, कुठला बांध, कुठला ओढा, मला काय ठाऊक. खराट्यावर हात टेकून तो माणूस माझ्या झाडाचं बोर सुखानं खात होता.

माझं मस्तक फिरलं. एवढे काटे, एवढे डाग, एवढ्या माश्या, आणि त्याच्या तोंडी शेवटी गोड लागावं? तिला जे मिळालं नाही ते याला?

“वकीलसाहेब,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. गाल फुगलेला होता.

“थुंका ते.”

“काय?”

“आमच्या झाडाचं बोर आहे. थुंका.”

मी आवाज चढवला नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिलं, वहिनी काहीतरी म्हणतील म्हणून. वहिनी तशाच उभ्या राहिल्या. कोर्टात या माणसाला शब्द कमी पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना माझ्यावर हसता आलं असतं. पडलेलं फळ कुणाचं, यावर वाद घालता आला असता. नुसतं गिळून टाकता आलं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या मागे गेलं, आमच्या खिडकीकडे. किती वेळ ते तिकडे पाहत होते कुणास ठाऊक. मग त्यांनी ओंजळ तोंडाशी धरली आणि अर्धवट चघळलेलं बोर हातात काढलं.

आता ते कुठे टाकावं हे त्यांना कळेना. फरशी नुकतीच झाडलेली. भिंतीपलीकडे मी उभा. मी हात पुढे केला नाही. शेवटी त्यांनी ते ओलं बोर आपल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकलं. खिशावर डाग उमटलेला मला इथून दिसला. त्यांनी पुन्हा खराटा उचलला आणि खाली मान घालून झाडायला लागले.

मी खुर्चीवर येऊन बसलो आणि पंच्यातली बोरं खायला लागलो. माणूस म्हातारा झाला की त्यानं माफ करावं, असं मला बरेच जण सांगतात. मनीषा सांगते, रशीदभाईसुद्धा सांगतात. सुलभा असती तर तिनं मला झापलं असतं, बोरांनी ओंजळ भरून भिंतीपाशी गेली असती आणि “घ्या वकीलसाहेब” म्हणाली असती.

ती नाही. म्हणून कुणीही गेलं नाही.